गझीबोने एरिकला खाल्लं

ज्यांना हेडफोन सापडत नाहीयेत त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि मागे वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढलीय, बाकी तसंच आहे.

सुरुवात घरच्याच फजितीने करतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच जण माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळत होतो, आणि मी हट्टाने ठरवलं होतं की यावेळी सगळा खेळ मराठीतून चालवायचा. मी डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा. दिवे मंद केले, आवाज जरा खाली आणला आणि म्हणालो, "संध्याकाळ झालीय. वाड्यामागे एक जुनी बाग आहे. बागेच्या मधोमध एक छत्री आहे."

माझा एक मित्र खेळात चोर असतो, खऱ्या आयुष्यात डेटाबेस सांभाळतो. तो लगेच म्हणाला, "उचलतो."

"काय उचलतोस?"

"छत्री. पाऊस येईल ना."

मी म्हटलं, अरे उचलता येणार नाही, दगडी आहे. तर हा ताकदीचा फासा टाकायला निघाला. शेजारची मैत्रीण म्हणाली, "थांब. दगडाची छत्री? म्हणजे कोणीतरी शाप देऊन दगड केलंय तिला. हात लावू नकोस." पाच मिनिटांत माझ्या बागेतल्या त्या गरीब बांधकामाभोवती चौघे शस्त्रं उपसून उभे! मला रडावं की हसावं कळेना. कारण हा किस्सा मला आधीच पाठ होता. फक्त तो अमेरिकेतला होता, आणि त्यातल्या पोराचं नाव एरिक होतं.

एरिकची गोष्ट सांगण्याआधी, ज्यांनी हा खेळ कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. भातुकली आठवा. खोटा खोटा चहा, खोटी खोटी बाहुली आजारी. आता त्याच भातुकलीला जाडजूड नियमपुस्तक द्या, वीस बाजूंचा फासा द्या, आणि एका माणसाला सांगा की बाहुलीच्या सासरचं अख्खं गाव तू डोक्यात ठेवायचं. बाकीचे सांगणार आम्ही काय करतो, आणि जमलं की फसलं हे फासा सांगणार. झाला रोलप्लेइंग गेम. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स बाहेर पडला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या छपाईच्या हजार प्रती. लढाईचे छोटे सैनिक टेबलावर मांडून खेळणारी ही मंडळी. त्यांनी सैन्याच्या जागी एकेक माणूस आणला आणि खेळाची जात बदलली.

तर एरिक. ही गोष्ट रिचर्ड अ‍ॅरॉन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने लिहिली. आपल्या मित्रांच्या टेबलावर घडलेला प्रसंग म्हणून त्याने ती सांगितली. ऐंशीच्या दशकात ती हौशी मासिकांतून फिरली आणि पुढे इंटरनेटवर जी सुटली ती आजतागायत थांबलेली नाही. एरिकचा शूर योद्धा एका जहागिरीतून चालला आहे. टेकडीवर नीटनेटकी बाग, बागेत एक गझीबो. गझीबो म्हणजे बागेत बसायला बांधलेला, चारी बाजूंनी उघडा, वर टोकदार छप्पर असलेला मंडप. एरिकला हा शब्दच माहीत नाही. आणि तो विचारतही नाही, कारण चारचौघांत 'म्हणजे काय?' असं कोण विचारणार? तो गोल गोल फिरून माहिती काढतो. रंग कोणता? किती लांब आहे? केवढा आहे? मग तलवारीची जादू वापरून तो सज्जन आहे का ते तपासतो. मग हाका मारतो. गझीबो उत्तर देत नाही. शेवटी जादूचा बाण सोडतो. बाण रुतून बसतो, गझीबो जागचा हलत नाही, आणि गोष्ट सांगणाऱ्याचा संयम मात्र संपतो. एरिक घाबरून पळत सुटतो तेव्हा तो जाहीर करतो की आता उशीर झाला, तू गझीबोला जागं केलंस, त्याने तुला पकडून खाल्लं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, हॉस्टेलवर. खरं सांगू? मला हसू आलं नाही. मलाही गझीबो म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी अर्धी गोष्ट तो राक्षस आहे असं समजूनच वाचली, आणि बाण लागूनही तो शांत राहतो म्हटल्यावर चांगलाच हादरलो. शेवटी गुगलवर फोटो पाहिला. आमच्या गावच्या बागेत हे होतंच की. त्यात बसून आम्ही भेळ खायचो, आणि त्याला छत्री म्हणायचो.

आता एरिकला मूर्ख म्हणायच्या आधी जरा थांबा. १९७७ साली या खेळाचं 'मॉन्स्टर मॅन्युअल' आलं, साडेतीनशेच्या वर राक्षसांची जंत्री. त्यात एक प्राणी आहे जो लाकडी पेटीचं सोंग घेतो आणि उघडायला गेलात की चिकटून बसतो. एक छताचं सोंग घेऊन वरून पडतो. एक जमिनीचं सोंग घेऊन तुम्हाला गुंडाळतो. एक तर गुहेतल्या भिंतीबरोबर नीट बसावा असा दहा फुटी पारदर्शक जेलीचा ठोकळा आहे! गायगॅक्सला इंग्रजीतले जुनेपाने, जड शब्द भारी आवडायचे, त्यामुळे शब्द कळला नाही हा खेळाडूंचा रोजचाच अनुभव. जिथे पेटी खाते, छत खातं, फरशी खाते, तिथे न कळलेल्या नावाची वस्तू खाणार नाही असं कशावरून? एरिकचं लॉजिक बरोबर होतं, इनपुट चुकीचं होतं. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट गॅप म्हणतात आणि त्यावर दोन तासांच्या मीटिंगा होतात.

पण असले किस्से खेळणाऱ्यांनी दशकानुदशकं जपून का ठेवले? नुसती मजा हे कारण मला पुरेसं वाटत नाही. त्याच काळात या खेळाबद्दल दुसरी एक गोष्ट सांगितली जात होती, खूप मोठ्या आवाजात, आणि ती सांगणारे टेबलावर कधी बसलेलेच नव्हते.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला सोळा वर्षांचा एक हुशार विद्यार्थी गायब झाला. त्याला शोधायला नेमलेल्या खाजगी गुप्तहेराने शंका काढली की विद्यापीठाखालच्या वाफेच्या पाइपांच्या बोगद्यांत हा खेळ प्रत्यक्ष खेळायला तो गेला असावा. पेपरांना आणखी काय हवं? मुलगा नंतर सापडला. त्याच्या जाण्यामागची दुःखं वेगळीच आणि खूप खोल होती, आणि १९८४ च्या पुस्तकात त्या गुप्तहेरानेच तसं लिहिलं. पण तोवर बाण सुटला होता. १९८१ मध्ये रोना जॅफची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' कादंबरी आली, पुढच्या वर्षी तिच्यावर टीव्ही सिनेमा. त्यात कोवळा टॉम हँक्स खेळात इतका हरवतो की स्वतःला खरंच आपलं पात्र समजायला लागतो. १९८४ मध्ये जॅक चिक या धर्मप्रचारकाने 'डार्क डन्जन्स' नावाची चिमुकली चित्रपुस्तिका काढली. तिच्यात पात्र मेलं म्हणून एक मुलगी खऱ्या आयुष्यातच संपते आणि दुसरीला खेळातून खऱ्याखुऱ्या जादूच्या शक्ती मिळतात. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या चौथ्या सीझनमध्ये गाव हेलफायर क्लबच्या मागे का लागतं असं ज्यांना वाटलं होतं, त्यांच्यासाठी ही पार्श्वभूमी.

या सगळ्या गोष्टींचा दावा एकच: ही पोरं खरं आणि खोटं यातला फरक विसरतात.

त्यासमोर एरिकची गोष्ट ठेवा. तिच्यात कोणी काही विसरलंय का? सगळी गंमत तर टेबल लक्षात असण्यात आहे. समोरचा वैतागलाय, एकाला शब्द येत नाही, बाकीचे हसू दाबून बसलेत. खेळात पूर्ण हरवलेल्या माणसाला हे दिसणारच नाही. म्हणून मला वाटतं, हे विनोदी साहित्य म्हणजे खेळाडूंनी दिलेली साक्ष आहे, फक्त ती कोर्टात न देता मासिकांच्या मागच्या पानांवर दिली.

सगळ्यात थेट साक्ष १९९६ ची, आणि ती नेमकी ऑडिओ आहे, म्हणजे आपल्या बिरादरीतली. मिलवॉकीच्या 'डेड एलवाइव्ह्ज' या विनोदी नाटकमंडळींनी एक अल्बम काढला, त्यात या खेळावरचं एक छोटं स्किट आहे. सुरुवातीला एक गंभीर, जड आवाज पालकांना बजावतो की हा सैतानाचा खेळ आहे, आता ऐका बंद दाराआड काय चालतं ते. आपण कान टवकारतो. दाराआड काय? एक पोरगा विचारतोय, सोडा कुठे आहे. दुसरा चिप्स मागतोय. तिसऱ्याला जादूचा अस्त्रप्रयोग करायचाच आहे, समोर शत्रू नाही म्हटल्यावर तो अंधारावरच हल्ला करतो. एकाला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय की सराईत मुली आहेत का. संपलं तुमचं सैतानपूजन! मोजून काही मिनिटांचा तुकडा, पण एमपीथ्रीच्या जमान्यात तो कॉलेजा-कॉलेजांतून फिरला. २००० साली आलेल्या 'समनर' या व्हिडिओ गेमवाल्यांनी तर तो आवाज घेऊन आपल्याच पात्रांना टेबलावर बसवलं.

पण आवाजापेक्षा कागदावरचा कारभार मोठा. जॉली ब्लॅकबर्न नावाचा गृहस्थ 'शॅडिस' नावाचं एक हौशी मासिक काढायचा. १९९० मध्ये त्याने पानभरती म्हणून एक कॉमिक घातलं, 'नाइट्स ऑफ द डिनर टेबल'. चित्रकला म्हणाल तर आनंद. इंडियाना राज्यातल्या मन्सी गावात एका टेबलाभोवती तीच ती मंडळी, त्याच त्या पोझमध्ये. कॉपी-पेस्ट हो! तलवार नाही, ड्रॅगन नाही, फक्त बसलेली माणसं आणि डोक्यावर बोलण्याचे फुगे. बी.ए. नावाचा गेममास्टर आठवडे खपून कथानक रचतो आणि त्याचे खेळाडू अर्ध्या तासात त्याची राख करतात. बॉब आणि डेव्हला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तलवारीत दिसतं. ब्रायनला नियमपुस्तक तोंडपाठ, तो कलमं काढून भांडतो. सारा एकटीच म्हणते की अरे, समोरच्याशी आधी बोलून तर बघू.

ब्रायन तुम्हाला माहितीय. गल्ली क्रिकेटमध्ये तो असायचाच. एक टप्पा आउट ठरलेलं असताना, भिंतीला लागून आलेला टप्पा धरायचा की नाही यावर जो बॅट काखेत मारून पंधरा मिनिटं वाद घालायचा, तोच हा. म्हणून मला हे कॉमिक परकं वाटलंच नाही. पुढे ते 'ड्रॅगन' या खेळाच्या खास मासिकात गेलं, त्याचं स्वतःचं मासिक निघालं आणि त्याचे तीनशेवर अंक झाले. पानभरतीचे!

आणि मग जे झालं ते मला अजून पटत नाही. कॉमिकमधली मंडळी जो खेळ खेळतात त्याचं नाव 'हॅकमास्टर'. नियमांचा डोंगर असलेला, मुद्दाम अतिरेकी, पूर्ण काल्पनिक. २००१ मध्ये केन्झर अँड कंपनीने डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या मालकांकडून रीतसर परवाना घेऊन हा खेळ खरोखर छापला. आणि पहिल्याच छापील पुस्तकावर लिहिलं: चौथी आवृत्ती! पहिल्या तीन कुठे आहेत? कॉमिकमध्ये. मी आजवर कितीतरी सॉफ्टवेअर रिलीज पाहिले, थेट चार पॉइंट शून्यने जन्मलेलं प्रॉडक्ट एवढ्या आत्मविश्वासाने आलेलं पाहिलं नाही. लोकांनी ते गंभीरपणे विकत घेऊन खेळलं, हा वेगळा विनोद.

आवृत्तीवरून आठवलं. २००३ मध्ये खेळाचे नियम तीन पॉइंट पाचला अपग्रेड झाले, आणि त्याच वर्षी रिच बर्ल्यूने इंटरनेटवर 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' सुरू केलं. काडी-काडीची माणसं, चित्रकलेत ब्लॅकबर्नच्याही एक पाऊल मागे. पहिल्याच भागात भुयारात लढाई चालू असताना पात्रांवर अपग्रेड येऊन आदळतो आणि कोणाचं काय बदललं हे ती तपासत बसतात. प्रॉडक्शनवर भर दुपारी डिप्लॉय! ज्याने हे भोगलंय त्याला वेगळं समजवायला नको. २०१२ मध्ये बर्ल्यूने जुनी पुस्तकं पुन्हा छापायला किकस्टार्टरवर ५७,७५० डॉलर मागितले. १४,९५२ लोकांनी मिळून १२,५४,१२० दिले.

आणि माझा लाडका शेमस यंग. व्यवसायाने प्रोग्रामर, त्यामुळे जरा भाऊबंदकी. २००६ मध्ये त्याने 'डीएम ऑफ द रिंग्ज' सुरू केलं. कल्पना अशी: जगात टॉल्किन जन्मलाच नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कोणा डंजन मास्टरच्या डोक्यातली मोहीम आहे, आणि ती खेळणाऱ्या कारट्यांना तिच्यातलं काही म्हणजे काही पवित्र वाटत नाही. पीटर जॅक्सनच्या सिनेमातली स्थिरचित्रं घेऊन त्याने १४४ भाग केले. डंजन मास्टर राजघराण्याचा तीन हजार वर्षांचा इतिहास सांगतोय आणि खेळाडू विचारतायत, ते सोडा, इथे खजिना किती? कीर्तनकार रंगात आलेला आणि मागच्या रांगेत प्रसाद कधी मिळणार यावर चर्चा, तसं. यंग २०२२ मध्ये गेला. त्याच्या कल्पनेवरून इतर सिनेमांची अशी कॉमिक्स अनेकांनी केली.

एक किस्सा जाता जाता, वेक्नाचा. स्ट्रेंजर थिंग्जवाल्यांना नाव ओळखीचं. हा या खेळातला जुना दुष्ट जादूगार, जॅक व्हान्स या लेखकाच्या आडनावातली अक्षरं फिरवून केलेलं नाव. नियम असा की वेक्नाचा कापलेला हात मिळाला तर आपला हात तोडून तो लावायचा, मग अफाट शक्ती. एका टेबलावर एका टोळीने दुसऱ्या टोळीला फसवायला अफवा पिकवली की वेक्नाचं डोकंही सापडलंय. पुढचं काय झालं ते तुम्हीच ओळखा. डोकं कापायला ते रांग लावून उभे राहिले, आणि पहिल्याला काही झालं नाही म्हणजे आपणच काहीतरी चुकलो, असं समजून दुसऱ्याने मान पुढे केली.

त्या डेड एलवाइव्ह्ज मंडळींत डॅन हार्मन नावाचा एक तरुण होता. पुढे त्याने 'कम्युनिटी' ही मालिका काढली आणि 'रिक अँड मॉर्टी'च्या दोन निर्मात्यांपैकी तो एक. २०११ मध्ये कम्युनिटीत एक भाग आला: नील नावाचा एक विद्यार्थी लोकांच्या चिडवण्याने इतका खचलाय की मित्रांना तो जिवाचं काही बरंवाईट करेल अशी भीती वाटते. ते काय करतात? त्याच्याबरोबर डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसतात. जवळजवळ पूर्ण भाग टेबलाभोवतीच. राक्षस नाही, स्पेशल इफेक्ट नाहीत, फक्त फासे, बोलणं, आणि मागून आवाज. चिकच्या पुस्तिकेत खेळामुळे मुलगी जाते. सत्तावीस वर्षांनी एका विनोदी मालिकेत खेळामुळे मुलगा राहतो. आणि चिकच्या पुस्तिकेचं काय झालं? एका चाहत्याने तिच्यावर सिनेमा करायचे हक्क मागितले, चिकने फुकट दिले, आणि २०१४ मध्ये सिनेमा आला. मूळ संवाद जवळपास जसेच्या तसे, चेहरे अत्यंत गंभीर. प्रेक्षक मात्र हसून लोटपोट.

एरिकचा गझीबोही अमर झाला. 'मंचकिन' या २००१ च्या पत्त्यांच्या खेळात तो आठव्या पातळीचा राक्षस आहे, जॉन कोव्हॅलिकने काढलेला, आणि त्याच्याशी लढताना तुम्हाला कोणाची मदत घेता येत नाही. एरिकसारखं एकट्यानेच जायचं.

बरं, माझी छत्री राहिली. त्या रात्री आई साताऱ्याहून आलेली होती आणि हॉलच्या कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती. दोन तास तिने "पहारेकऱ्याला मारून विहिरीत टाकू" वगैरे सगळं निमूट ऐकलं होतं. मी मनातल्या मनात तिच्या प्रश्नाची तयारी करत होतो, की आई, हे खोटं खोटं असतं, यात कोणी बिघडत नाही, १९७९ साली अमेरिकेत असं झालं होतं, वगैरे. चौघे अजून दगडी छत्रीला कोणत्या मंत्राने उघडायचं यावर भांडत होते.

आई मेथीवरची नजर न हलवता म्हणाली, "अरे, छत्री म्हणजे कसली? पावसातली, बागेतली, का समाधीवरची?"

चौघेही गप्प. अर्ध्या तासात हे कोणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात बागेतलीच होती, भेळ खायची. पण इथे वानवडीत महादजी शिंद्यांची छत्री आहे, ती एकदम डोळ्यांपुढे आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "समाधीवरची."

चोराने हळूच हात मागे घेतला. आईने विचारलं, "कोणाची?"

ते अजून ठरायचंय. पुढच्या शनिवारी आई पुन्हा येतेय.